‘प्रतिकार का केला नाही?’ या प्रश्नापलीकडे
लैंगिक अत्याचाराचे शरीरावर, मनावर आणि स्मृतीवर काय परिणाम होतात. कायदा आणि वैद्यकशास्त्र त्याकडे कसे पाहते

विशेष प्रतिनिधी

चंद्रपूर जिल्ह्यातील (आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील) देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार नोंदविण्यात आली. एका कौटुंबिक तक्रारीसंदर्भात जबाब देण्यासाठी ती नातेवाइकांसह ठाण्यात आली होती. जबाब झाल्यावर नातेवाइकांना बाहेर जाण्यास सांगून तिला एकटीला आत थांबविण्यात आले. डॉक्टरांनी तिचे वय १४ ते १६ वर्षे असल्याचे नमूद केले होते.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निकाल फिरविला आणि दोघांना दोषी ठरविले. भीतीपोटी पत्करलेली असहाय शरणागती म्हणजे संमती नव्हे, अशी उच्च न्यायालयाची भूमिका होती. मात्र १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची मुक्तता केली. मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, त्यामुळे तिने प्रतिकार केला हे पटत नाही, असा या निकालाचा आशय होता.

‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या विधी-अध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालाला आक्षेप घेतला. १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्या मुलीचे नाव देशभर झाले. आजही अनेक पुस्तकांत ते छापले जाते. या लेखात ते दिलेले नाही. अत्याचारग्रस्त व्यक्तीची ओळख जाहीर करण्यास बंदी घालणारे कलम १९८३ मध्ये आले, त्याला हाच खटला आणि त्यानंतरचे आंदोलन कारणीभूत होते.

त्या निकालामागचा प्रश्न मात्र अजून जुना झालेला नाही. ‘ओरडली का नाही? पळाली का नाही? लगेच सांगितले का नाही?’ असे प्रश्न पोलीस ठाण्यात विचारले जातात, न्यायालयातील उलटतपासणीत विचारले जातात आणि सर्वांत आधी घरातच विचारले जातात. या प्रश्नांची उत्तरे गेल्या ५० वर्षांत वैद्यकशास्त्राने आणि मानसशास्त्राने बऱ्याच प्रमाणात दिली आहेत.

अंधाऱ्या गल्लीतील अनोळखी माणूस

लैंगिक अत्याचार म्हटला की डोळ्यांपुढे येते ती निर्जन रस्ता, रात्रीची वेळ आणि अनोळखी हल्लेखोर अशी प्रतिमा. प्रत्यक्षातील चित्र वेगळे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१ हजार ५१६ गुन्हे नोंदविले गेले. यातील दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी हा तक्रारदार स्त्रीच्या ओळखीचा होता. तो नातेवाईक होता, शेजारी होता, मित्र होता, लग्नाचे वचन देणारा होता किंवा वरिष्ठ सहकारी होता.

ही बाब ध्यानात घेतली की पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. अनोळखी माणसाविरुद्ध तक्रार करणे आणि सख्ख्या काकाविरुद्ध तक्रार करणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात तक्रार म्हणजे घरातील अन्न-निवारा, बहिणीचे लग्न, आईचा संसार हे सारे पणाला लावणे होय. अनेक गुन्हे पोलिसांच्या नोंदीपर्यंत पोहोचतच नाहीत, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

अत्याचार केवळ प्रौढ स्त्रियांवरच होतो, हाही गैरसमज आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक बालकांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील ५३ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले आणि अशा बालकांत निम्म्याहून किंचित अधिक मुलगे होते. ‘मुलाला काय होणार आहे?’ असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

शरीर गोठते तेव्हा

संकट समोर आले की माणूस लढतो किंवा पळतो, असे आपण शाळेत शिकलो. तिसरी शक्यता मात्र फारशी शिकविली जात नाही. लढणे आणि पळणे दोन्ही अशक्य आहे असे मेंदूला जाणवले, की शरीर गोठून जाते. स्नायू ताठरतात किंवा लुळे पडतात, आवाज फुटत नाही, आजूबाजूचे दिसत असते पण हालचाल करता येत नाही. वैद्यकीय परिभाषेत याला ‘टॉनिक इमोबिलिटी’ म्हणतात. शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडलेले अनेक पशुपक्षी असेच निश्चल होतात. ही प्रतिक्रिया इच्छेवर अवलंबून नसते. पापणी लवण्यासारखी ती आपोआप घडते.

मराठी भाषेला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘वाचा बसली’, ‘दातखीळ बसली’, ‘हातपाय गळाले’, ‘पाय जागीच खिळले’ हे शब्दप्रयोग भीतीच्या याच अवस्थेचे वर्णन करतात. साप पाहून कोणाची वाचा बसली, तर त्याला सापाची ओढ होती असे कोणी म्हणत नाही. अत्याचाराच्या बाबतीत मात्र मौनाचा अर्थ संमती असा लावला जातो.

स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, बलात्कारानंतर स्टॉकहोम येथील तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांची माहिती तपासण्यात आली. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात गोठल्याचे सांगितले. ज्यांना हा अनुभव आला, त्यांना पुढे तीव्र मानसिक आघाताचा आणि नैराश्याचा त्रास होण्याचे प्रमाणही अधिक आढळले. म्हणजेच अंगावर ओरखडा नसणे हे अत्याचार झाला नसल्याचे लक्षण तर नाहीच; उलट ज्या स्त्रीला हलताही आले नाही, तिच्या मनावरील जखम अधिक खोल असू शकते.

तुटक आठवणी आणि उशिरा फुटलेली वाचा

दुसरा नेहमीचा आक्षेप असतो तो विसंगतीचा. ‘आधी एक सांगितले, नंतर दुसरे सांगितले.’ आत्यंतिक भीतीच्या क्षणी मेंदू घटनेची नोंद नेहमीच्या पद्धतीने करीत नाही. भीतीशी निगडित असलेला भाग अतिशय सक्रिय होतो. घटनांचा क्रम, वेळ, स्थळ यांची नीट घडी घालण्याचे काम मात्र विस्कळीत होते. परिणामी एखादा वास, भिंतीवरील घड्याळाचा आवाज, शर्टाचा रंग लख्ख आठवतो. पण आधी काय झाले आणि नंतर काय झाले, हे सांगता येत नाही. काही तपशील अनेक दिवसांनी आठवतात. अपघातातून वाचलेल्या माणसांच्या आठवणीही अशाच तुटक असतात आणि त्यांना कोणी खोटे ठरवीत नाही.

तक्रारीला झालेल्या विलंबाचेही असेच आहे. धक्का, लाज, धमकी, घरच्यांचा दबाव, ‘आपलेच काही चुकले’ ही भावना या साऱ्यांतून बाहेर पडून पोलीस ठाण्याची पायरी चढायला काहींना दिवस लागतात, काहींना वर्षे. गोव्यातील एका खटल्यात (तुळशीदास कानोलकर विरुद्ध गोवा राज्य) सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले, की केवळ फिर्याद उशिरा दाखल झाली म्हणून बलात्काराचा खटला संशयास्पद ठरविता येणार नाही. विलंबाचे कारण समजून घ्यायला हवे. त्याआधी १९९६ मध्ये पंजाबमधील गुरमितसिंग खटल्यात याच न्यायालयाने, तक्रारदार स्त्रीची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिला अन्य पुराव्याच्या आधाराची गरज नाही, असे म्हटले होते.

जखम दिसत नाही म्हणून

अमेरिकेतील बोस्टन शहरातील रुग्णालयात बलात्कारानंतर दाखल होणाऱ्या स्त्रियांचा परिचारिका-संशोधक ॲन बर्जेस आणि समाजशास्त्रज्ञ लिंडा होमस्ट्रॉम यांनी अभ्यास केला. १९७४ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. काही स्त्रिया रडत होत्या, थरथरत होत्या. तेवढ्याच स्त्रिया अगदी शांत, संयमी दिसत होत्या. आघात दोघींवरही सारखाच होता. ‘असे काही घडले असते तर ती एवढी शांत बसली असती का?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना हे उत्तर ५० वर्षांपूर्वीच मिळालेले आहे.

आघाताचे परिणाम साधारणपणे असे दिसतात. झोप उडते किंवा भयावह स्वप्ने पडतात. एखाद्या वासाने, आवाजाने, स्पर्शाने ती घटना जणू आत्ता घडते आहे असे वाटते. त्या रस्त्याने, त्या इमारतीतून जाणे टाळले जाते. दचकणे, चिडचिड, अभ्यासात वा कामात लक्ष न लागणे, पोटात दुखणे, मासिक पाळीच्या तक्रारी, वारंवार अंघोळ करणे, जवळच्या माणसाचाही स्पर्श नकोसा होणे, अशी लक्षणे आढळतात. काही जणी साऱ्या भावना बधिर झाल्याचे सांगतात. नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचे विचार यांचाही धोका वाढतो. मुले बोलून दाखवीत नाहीत. ती अंथरूण ओले करू लागतात, शाळेत जाण्यास नकार देतात, एखाद्या विशिष्ट व्यक्तीजवळ जायला घाबरतात किंवा वयाला न शोभणारे लैंगिक वर्तन करतात.

यातील दिलासादायक बाब अशी, की ही अवस्था कायमची नसते. बार्बरा रोथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बलात्कारानंतर सुमारे दोन आठवड्यांनी ९४ टक्के स्त्रियांमध्ये तीव्र आघाताची लक्षणे होती. तीन महिन्यांनी हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. याचा अर्थ जवळजवळ निम्म्या स्त्रिया हळूहळू सावरतात. उरलेल्या निम्म्यांना मात्र तज्ज्ञांच्या मदतीची गरज असते आणि ‘विसरून जा’ या सल्ल्याने ती गरज भागत नाही. आघातावर केंद्रित असलेली विचार-वर्तन उपचारपद्धती अशा वेळी परिणामकारक ठरते, हे आता प्रस्थापित झाले आहे.

शब्दांचे ओझे

आघात वाढविण्याचे काम आपली भाषाही करते. ‘अब्रू लुटली’, ‘इज्जत गेली’, ‘तोंड काळे झाले’, ‘आयुष्यातून उठली’ असे शब्द बोलण्यात सर्रास येतात. ‘स्त्रीची अब्रू काचेचे भांडे’ ही म्हण तर पिढ्यान्‌पिढ्या मुलींना ऐकविली जाते. चोरी झाली तर अब्रू चोराची जाते. या एकाच गुन्ह्यात ती जिच्यावर गुन्हा झाला तिची कशी जाते, याचा विचार केला जात नाही. त्यामुळेच कार्यकर्ते हल्ली ‘पीडिता’ऐवजी त्यातून वाचलेली, तगून राहिलेली अशा अर्थाचा ‘सर्व्हायव्हर’ हा शब्द वापरतात. कोणता शब्द वापरायचा हे अखेर त्या व्यक्तीने ठरवावे. मात्र तिचे आयुष्य संपले असे सुचविणारा शब्द कोणीही वापरू नये.

रुग्णालयात काय व्हायला हवे

अत्याचारानंतरचे पहिले काही तास आणि दिवस उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठीची औषधे ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी जितक्या लवकर घ्यावी, तितकी ती परिणामकारक ठरते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शरीरावरील पुराव्यांचे नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात. शक्य असल्यास तपासणीपूर्वी अंघोळ करू नये आणि त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. पण अंघोळ केली, कपडे धुतले म्हणून सारे संपले असे मुळीच नाही. नंतर कधीही उपचार घेता येतात आणि तक्रारही करता येते.

तपासणीसाठी त्या स्त्रीची संमती आवश्यक असते. कौमार्याची तथाकथित ‘दोन बोटांची चाचणी’ तिच्या सन्मानाचा भंग करणारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले होते. तरीही ती होत राहिल्याने, अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला बजावावे लागले. या चाचणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही.

कोणतेही सरकारी वा खासगी रुग्णालय अत्याचारग्रस्त व्यक्तीला प्रथमोपचार व औषधोपचार विनामूल्य देण्यास बांधील आहे. ‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ असे सांगून परत पाठविणे हा गुन्हा आहे. या कामाचा एक चांगला नमुना महाराष्ट्रातच उभा राहिला. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्रात, हिंसाचारग्रस्त स्त्रियांना रुग्णालयातच समुपदेशन मिळू लागले. पुढे अन्य रुग्णालयांतही अशी केंद्रे सुरू झाली.

कायदा कोठून कोठे आला

देसाईगंजच्या खटल्यानंतर १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर ती नव्हती असेच न्यायालय गृहीत धरेल, अशी तरतूद झाली. तक्रारदार स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातील कलम २००२ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. बालकांसाठीचा ‘पॉक्सो’ कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. तो मुलगे आणि मुली दोघांनाही संरक्षण देतो.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर न्या. जे. एस. वर्मा समिती नेमली गेली. समितीने महिनाभरात, २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला. त्यानंतर त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने बलात्काराची व्याख्या विस्तारली आणि संमतीची व्याख्या प्रथमच कायद्यात आली. संमती ही निःसंदिग्ध आणि स्वेच्छेने दिलेली हवी; केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, असे कायदा स्पष्टपणे सांगतो. १९७८ च्या निकालाला कायद्याने दिलेले हे उत्तर होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ही तरतूद कायम आहे. मात्र १८ वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली बळजबरी बलात्कार मानली जात नाही, हा अपवादही नव्या संहितेने कायम ठेवला आहे.

घटना कोठेही घडली असली, तरी कोणत्याही पोलीस ठाण्याने फिर्याद नोंदवून घ्यायला हवी. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. जबाब महिला अधिकाऱ्याने, शक्यतो त्या स्त्रीच्या घरी किंवा तिने सांगितलेल्या ठिकाणी नोंदवावा लागतो. खटल्याची सुनावणी बंद दालनात होते. फिर्याद नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. बलात्कारातून गर्भधारणा झाल्यास २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजनेतून अत्याचारग्रस्त स्त्रिया व बालकांना अर्थसाह्य आणि समुपदेशन देण्याची व्यवस्था आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते.

कागदावरील ही प्रगती न्यायालयाच्या दारात मात्र अडखळते. २०२२ च्या आकडेवारीनुसार बलात्काराच्या निकाली निघालेल्या खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण तीस टक्क्यांहूनही कमी होते. आरोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला संपवावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षे चालतो. प्रत्येक तारखेला तीच घटना नव्याने सांगावी लागणे हा दुसरा आघातच ठरतो.

आपल्याला कोणी सांगितले तर

बहुतेक स्त्रिया आणि मुले सर्वप्रथम सांगतात ती पोलिसांना किंवा डॉक्टरांना नव्हे, तर आईला, बहिणीला, मैत्रिणीला, शिक्षिकेला. ऐकणाऱ्याच्या पहिल्या दोन-चार वाक्यांवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. त्या दृष्टीने काही गोष्टी सांगता येतील.

• आधी शांतपणे ऐकून घ्या. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न मनातही आणू नका. ‘तुझा काही दोष नाही’, ‘तू सांगितलेस हे बरे केलेस’, ‘मी तुझ्याबरोबर आहे’ ही तीन वाक्ये पुरेशी आहेत.

• तपशील खोदून विचारू नका. जेवढे सांगितले जाईल तेवढेच ऐका. नातेवाइकांसमोर पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका.

• ती आता सुरक्षित आहे का, आरोपी त्याच घरात आहे का, हे आधी पाहा. त्यानंतर उपचार, मग तक्रारीचा विचार. तक्रारीचा निर्णय झालेला नसला, तरी उपचार थांबवू नका.

• प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत निर्णय तिचाच असू द्या. अत्याचाराने तिच्या शरीरावरील तिचा हक्क हिरावला गेलेला असतो. तिच्या वतीने सारे निर्णय घेऊन आपण तेच पुन्हा करीत नाही ना, याचे भान ठेवा. १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत मात्र पोलिसांना कळविणे कायद्याने बंधनकारक आहे.

• आरोपीशी परस्पर ‘तडजोड’ करू नका. त्याच्याशीच लग्न लावून देण्याचा मार्ग तर अत्याचार जन्मभरासाठी पक्का करण्याचाच मार्ग होय.

• नाव, छायाचित्र, शाळा, वसाहत यांची वाच्यता कोठेही करू नका. मोबाईलवरून पुढे पाठविलेला एक संदेशही गुन्हा ठरू शकतो.

तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्याविषयीच्या सल्ल्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत. ‘सखी’ वन स्टॉप केंद्रांत वैद्यकीय, कायदेविषयक आणि समुपदेशनाची मदत एका छताखाली मिळावी, अशी योजना आहे.

कायदे बदलायला आंदोलने लागली, आयोग लागले, दशके लागली. घरात ऐकण्याची पद्धत बदलायला यांपैकी कशाचीच गरज नाही. आरडाओरडा का केला नाही, हे विचारण्याऐवजी ‘तुला आता काय हवे आहे?’ एवढे विचारले, तरी ती व्यक्ती सावरण्याच्या वाटेवर पहिले पाऊल टाकू शकते.